हाजी बगलोलचे वर्गणीदार

व्यंगकादंबरी खपवणे हे गंभीर कादंबरी खपवण्यापेक्षा अवघड काम आहे. गंभीर पुस्तक अनोळखी माणसाच्या हाती पडले, तर फार तर तो ते मिटून बाजूला ठेवतो. विनोदी पुस्तक अनोळखी माणसाच्या हाती पडले, तर तो आधी विचारतो, ‘हा हसतो आहे कुणाला? मला तर नव्हे?’ मामूने जेवताना केलेली थट्टा आपण हसून घेतो. तेच शब्द एसटीच्या रांगेतल्या परक्याने उच्चारले तर बाह्या वर सरतात. शब्द तेच असतात, फरक ओळखीचा असतो. म्हणून व्यंगाच्या प्रकाशकाला गिऱ्हाईक मिळवून भागत नाही. त्याला आधी ओळख करून घ्यावी लागते.

आजचे छोटे स्वतंत्र प्रकाशक अशी कादंबरी काढतात तेव्हा काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. पुस्तकातला एखादा भाग ते इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवतात. वाचकांना ईमेलने नियमित पत्र लिहितात. त्यात पुस्तक कसे घडते आहे ते सांगतात. वर्षाची वर्गणी आगाऊ मागतात आणि जे ती देतात त्यांची नावे पुस्तकाच्या शेवटी छापतात. लोकांना ही नव्या यंत्रयुगाची करामत वाटते. आमच्या मते ही जुनीच रीत आहे, फक्त टपालाच्या थैलीऐवजी तारेतून येणारी. तिचा एक ठळक पत्ता एकोणिसाव्या शतकातल्या लखनौचा आहे, आणि तो आपल्या वारशातला पत्ता आहे. तो विसरल्यामुळे आपले काय हुकले, हे या लेखात मांडायचे आहे.

प्रथम वर्गणीदारांच्या यादीविषयी. एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तके चाळली, तर अनेकांच्या अखेरीस आश्रयदात्यांची नावे छापलेली आढळतात. युरोपात ही पद्धत त्याहून जुनी होती. कारण साधे होते. कागद, शाई, छापणावळ यांचा खर्च पुस्तक विकण्यापूर्वी करावा लागतो आणि छोट्या छापखान्याकडे तेवढे भांडवल नसते. मग ज्यांना पुस्तक हवे आहे त्यांनीच आधी पैसे द्यायचे, आणि उपकाराची पावती म्हणून त्यांचे नाव छापायचे. या व्यवहारात वाचक हा नुसता गिऱ्हाईक राहत नाही. पुस्तक निघावे ही त्याचीही जबाबदारी होते.

याच अडचणीवर दुसरा उतारा निघाला तो हप्त्यांचा, आणि त्याचे सर्वात गाजलेले उदाहरण एका विनोदी कादंबरीचेच आहे. १८३० साली लंडनमध्ये चॅपमन अँड हॉल ही नवी, लहानशी प्रकाशनसंस्था सुरू झाली. १८३६च्या वसंतात तिने चार्ल्स डिकन्स नावाच्या चोवीस वर्षांच्या वार्ताहराची ‘पिकविक पेपर्स’ ही कथा मासिक हप्त्यांनी काढायला सुरुवात केली. एका हप्त्याची किंमत एक शिलिंग. पहिला हप्ता हजाराच्या आसपास छापला गेला आणि फारसा उठला नाही. चौथ्या हप्त्यात सॅम वेलर हा हजरजबाबी नोकर कथेत आला आणि वारे फिरले. १८३७च्या नोव्हेंबरात शेवटचा हप्ता निघाला तेव्हा खप चाळीस हजारांवर गेला होता. मधल्या दीड वर्षात जाहिरातीने केले नसते ते काम सॅम वेलरने केले होते. दर महिन्याला तो वाचकांच्या घरी जात होता. पुढच्या हप्त्यापर्यंत लोक त्याच्याविषयी बोलत होते. कादंबरीचीच एक व्यक्ती कादंबरीची दलाल झाली होती.

१८४१ साली लंडनमध्ये ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक निघाले. त्याचे नाव हिंदुस्थानात झपाट्याने पसरले. मुंबईत १८५४ साली ‘पारसी पंच’ सुरू झाले. पुढे आपल्या ठाण्याहून ‘हिंदू पंच’ निघू लागले. या साऱ्या पंचांत साहित्याच्या इतिहासात सर्वात मोठे नाव झाले ते लखनौच्या ‘अवध पंच’चे. १६ जानेवारी १८७७ रोजी मुन्शी सज्जाद हुसैन यांनी ते सुरू केले. ते काकोरीचे. जन्म १८५६चा, म्हणजे साप्ताहिक काढले तेव्हा वय विशीच्या सुरुवातीचे. ज्या वर्षी ते जन्मले त्याच वर्षी इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले, आणि पुढच्याच वर्षी १८५७चा वणवा पेटला. नवाबी गेली होती, नवे साहेब आले होते, जुने रईस कर्जात बुडत होते आणि तरी पतंग आणि बटेरबाजी सुटत नव्हती. हसण्यासारखे पुष्कळ होते. रडण्यासारखे त्याहून अधिक होते. म्हणूनच हसणे भाग होते.

लखनौमध्ये त्या वेळी छपाईचा बादशहा दुसरा होता. मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ साली छापखाना काढला आणि त्याच सुमारास ‘अवध अखबार’ सुरू केला. कुराण शरीफपासून पुराणांपर्यंत, अरबी, फारसी, उर्दू, संस्कृत, हिंदी असे सारे त्यांच्या छापखान्यात छापले जाई. या मोठ्या घराने व्यंगकथेलाही जागा दिली, हे मान्य केले पाहिजे. पंडित रतननाथ सरशार ‘अवध अखबार’चे संपादक झाले आणि १८७८ साली त्यांची ‘फसाना-ए-आझाद’ त्या पत्रात क्रमशः येऊ लागली. १८८० साली ती पुस्तकरूपाने निघाली. तीन हजारांहून अधिक पानांचा तो पसारा आहे. त्यातला खोजी हा बुटका, अफीमबाज, तोंडाने शूर आणि पायांनी पळपुटा इसम. त्याच्या हाताशी त्याची करौली ऐन वेळी कधीच नसते! एका काश्मिरी पंडिताने लखनवी मुस्लिम मोहल्ल्यांची बोली इतकी अचूक पकडली, की उर्दू कादंबरीचा इतिहास या पुस्तकाला वळसा घालून जाऊ शकत नाही. पुढे प्रेमचंदांनी ‘आझाद कथा’ या नावाने हिंदीत त्याचा संक्षेप केला.

पण नवल किशोर यांच्या घरातला व्यवहार आणि सज्जाद हुसैन यांच्या घरातला व्यवहार यांत मूलभूत अंतर होते. नवल किशोर छापखान्याला शाळांची क्रमिक पुस्तके आणि सरकारी छपाईचे काम मिळे. सरकार हे त्याचे मोठे गिऱ्हाईक होते. आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही. त्या पैशातूनच शेकडो दुर्मिळ ग्रंथ वाचले आणि आजही आपण त्यांचे ऋणी आहोत. पण ज्याच्याकडून मोठी मागणी येते, त्याच्या नाकावर फुंकर घालताना माणूस जपतो. ‘अवध पंच’ला तसे जपण्याचे कारण नव्हते. त्याच्याकडे क्रमिक पुस्तके नव्हती. त्याच्याकडे वर्गणीदार होते.

हे वर्गणीदार लखनौच्या चौकापुरते नव्हते, आणि ते बाहेरगावी मिळू शकले याचे श्रेय टपालखात्यालाही जाते. हिंदुस्थानात व्हीपीची पद्धत १८७७ साली सुरू झाली. ‘अवध पंच’चे तेच जन्मवर्ष. १८८० साली मनीऑर्डरचे काम टपालखात्याकडे आले. आता एखाद्या तालुक्याच्या गावचा वकील वा मुख्त्यार पोस्टात जाऊन लखनौच्या छापखान्याला पैसे पाठवू शकत होता, आणि पोस्टमन पुस्तक देऊन दाम घेऊन येऊ शकत होता. त्यात शिळाछापाची सोय. उर्दू मजकूर कातिबाच्या हाताने लिहिला जाई आणि तो दगडावर उतरवला जाई. खिळ्यांचे टंक लागत नसत. त्याच पद्धतीने मजकुराशेजारी व्यंगचित्रही छापता येई. थोड्या भांडवलात चित्रांसह साप्ताहिक काढणे शक्य झाले. आज आपण इंटरनेटविषयी जे बोलतो, की छपाई आणि पोचवणे स्वस्त झाले म्हणून लहान माणसाला आवाज मिळाला, ते १८८०च्या लखनौविषयी शब्दशः खरे होते.

‘अवध पंच’मध्ये कोण लिहीत होते? अकबर इलाहाबादी, जे न्यायखात्यात सरकारी नोकरीत असूनही साहेबी थाटाची टर उडवत. मिर्झा मच्छू बेग ‘सितम जरीफ’, त्रिभुवननाथ ‘हिज्र’, ज्वालाप्रसाद ‘बर्क’, नवाब सय्यद मुहम्मद आझाद. हिंदू आणि मुसलमान एकाच पानावर, एकाच बोलीत, एकमेकांच्या शेजारी बसून हसत होते. १८७८चा देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला, इल्बर्ट बिलावरून १८८३ साली गोऱ्यांनी आरडाओरडा केला, नवनवे कर आले. पंचने कुणालाच सोडले नाही. १८८५ साली काँग्रेस स्थापन झाली. सर सय्यद अहमद खान यांनी मुसलमानांना तिच्यापासून दूर राहण्याचा सल्ला दिला, तेव्हा सज्जाद हुसैन यांनी काँग्रेसची बाजू घेतली. ‘मुसलमानांचे मत’ म्हणून एकच एक गोष्ट तेव्हाही नव्हती, हे ज्यांना आज नव्याने सांगावे लागते त्यांनी ‘अवध पंच’चा इतिहास जरूर पाहावा.

सज्जाद हुसैन यांनी स्वतः विनोदी कादंबऱ्या लिहिल्या. ‘हाजी बगलोल’, ‘अहमकुल्लजीन’, ‘तरहदार लौंडी’, ‘कायापलट’, ‘मीठी छुरी’ ही त्यांतली काही नावे. यातली सर्वात गाजली ती ‘हाजी बगलोल’. बगलोल म्हणजे मूर्ख, बावळट. तो स्वतःला फार मोठा समजतो, पदोपदी चिडतो आणि पदोपदी तोंडघशी पडतो. समीक्षकांनी त्याचे नाते एकीकडे डॉन किहोते आणि पिकविकशी, तर दुसरीकडे सरशारच्या खोजीशी जोडले आहे. या कादंबऱ्या आधी साप्ताहिकाच्या पानांवर वाचकांना भेटल्या आणि मग पुस्तक झाल्या. साप्ताहिक हेच कादंबरीचे दुकान, तेच तिचे जाहिरातपत्र आणि तेच तिचे वाचनालय. पुस्तक बांधून आले तेव्हा वाचक त्यातल्या पात्राला ओळखत होता. त्याला नव्याने काही पटवून द्यायचे नव्हते.

इथे घटकाभर थांबून एका गोष्टीकडे पाहिले पाहिजे. या मूर्खाच्या नावामागे सज्जाद हुसैन यांनी कोणती उपाधी लावली? हाजी. आपल्या समाजात ही उपाधी किती मानाची आहे, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. हज करून आलेल्या माणसाला गल्लीतले लहानथोर उठून जागा देतात. त्या उपाधीखाली एक बढाईखोर, फजीत पावणारा माणूस उभा करायचा, आणि तोही मुसलमान संपादकाने, मुसलमान वाचकांसमोर, हिंदू मित्रांच्या देखत! तो खपला, कारण वाचकांना ठाऊक होते की हा माणूस हजला हसत नाही. उपाधीमागे लपणाऱ्या दांभिकाला हसतो. वर्षानुवर्षे दर आठवड्याला त्यांनी या संपादकाला वाचले होते. कंपनी सरकारच्या वारसांशी तो कसा बोलतो, रईसांशी कसा बोलतो, गरिबाच्या बाजूने कसा उभा राहतो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी त्याला हाजीची थट्टा करण्याचा परवाना दिला. हा परवाना कोणत्याही सरकारी कचेरीत मिळत नाही. तो वर्गणीदार देतो, आणि तोही सावकाश देतो.

याचा अर्थ ओळखीच्या वाचकाने सगळे भलेच केले असा नव्हे. इतिहास लिहायचा तर नाण्याची दुसरी बाजूही दाखवली पाहिजे. ‘अवध पंच’ने सर सय्यद यांची टवाळी केली, हाली यांच्या काव्यविचारांवर तुटून पडले, सरशारच्या भाषेतल्या चुका काढताना पातळी सोडली. नव्या शिक्षणाची, नव्या पोशाखाची, नव्या विचारांची थट्टा करताना जे नवे खरोखर गरजेचे होते त्यालाही त्याने चिमटे काढले. लखनवी वाचकाला लखनवी भाषेचा अभिमान गोड लागे, आणि बाहेरच्याची फजिती त्याहून गोड. वाचकाला जे गोड लागते ते वाढण्याचा मोह संपादकाला होतो. सरकारी गिऱ्हाईक हात धरते, तसे वर्गणीदारही हात धरतात. फक्त ते टाळ्या वाजवत धरतात, म्हणून कळत नाही. आज इंटरनेटवर आपल्याच गोतावळ्याच्या टाळ्यांसाठी लिहिणाऱ्यांना हा धोका नवा वाटतो. तो दीडशे वर्षांचा आहे.

आणि वर्गणीवर जगणारे पत्र एका माणसाच्या श्वासावर जगते, हेही लखनौनेच दाखवले. १९०१ साली सज्जाद हुसैन यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतर प्रकृती ढासळतच गेली. वाणीही गेली. लखनौला छत्तीस वर्षे हसवणाऱ्या पत्राच्या मालकाला बोलता येईना. १९१२ साली ‘अवध पंच’ बंद पडला आणि १९१५ साली मुन्शीजी वारले. पुढे इतरांनी त्या नावाने पत्र पुन्हा चालवले, पण पूर्वीची गोष्ट राहिली नाही. वर्गणीदार मुन्शीजींना ओळखत होते, नावाला नव्हे.

महाराष्ट्रातही हप्त्याने कादंबरी वाचायची सवय याच काळात रुजली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातूनच घरोघरी गेली. ती व्यंगकादंबरी नव्हे, पण रीत तीच: आधी ओळख, मग पुस्तक. विसाव्या शतकात ही रीत मागे पडली. पुस्तकाचे दुकान, वितरक आणि ग्रंथालय हे वाचक आणि प्रकाशक यांच्या मध्ये उभे राहिले. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि अनुदानातून गावोगावची वाचनालये पुस्तके घेऊ लागली. त्यामुळे वाचन वाढले, यात शंका नाही. पण प्रकाशकाची नजर वाचकावरून उठून खरेदीच्या यादीवर गेली. यादीत जे बसते ते छापायचे, असा हिशेब सुरू झाला. यादीत सर्वात कठीण बसते ते व्यंग, आणि तेही अल्पसंख्य समाजातल्या लेखकाचे.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आपल्या लेखकांची कविता आली, कथा आली, आत्मकथने आली, वैचारिक लेखन आले. पण ‘हाजी बगलोल’च्या जातीची कादंबरी मराठीत किती आली, हे आपल्यालाच विचारून पाहावे. रंगभूमीवर शफाअत खान यांनी ‘मुंबईचे कावळे’, ‘शोभायात्रा’ अशी नाटके देऊन उपहासाचे सामर्थ्य दाखवले आहे. म्हणजे आपल्याकडे हसण्याची नजर नाही असे नव्हे. मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसावे. तिथे कमिटीच्या निवडणुकीपासून लग्नातल्या बिर्याणीपर्यंत अशी फटकेबाजी ऐकू येईल, की अकबर इलाहाबादींनी मान डोलवावी. पण ती टपरीवरच राहते. तिचे पुस्तक होत नाही.

का होत नाही? आमच्या मते लेखक दोन अनोळखी वाचकांच्या कात्रीत सापडतो. बाहेरचा अनोळखी वाचक म्हणतो, ‘पाहा, यांचाच माणूस यांच्याविषयी काय लिहितो!’ आणि लेखकाची थट्टा त्याच्या हातातला दगड होते. आतला अनोळखी वाचक म्हणतो, ‘याने घरची लक्तरे बाहेर टांगली.’ दोघेही पुस्तक वाचत नाहीत. दोघेही एक ओळ वाचतात. प्रकाशक हे जाणतो आणि हस्तलिखित सौजन्याने परत करतो. इथे कुणी एक खलनायक नाही. मधली ओळखच नाही, हे खरे दुखणे आहे.

म्हणूनच परदेशातल्या काही छोट्या प्रकाशकांनी इंटरनेटचा उपयोग कसा केला, हे आपण बारकाईने पाहावे असे आम्हाला वाटते. इंग्लंडमधली ‘अँड अदर स्टोरीज’ ही संस्था २०११ साली पुस्तके काढू लागली. वर्गणीदारांनी आगाऊ पैसे द्यायचे आणि त्यांची नावे पुस्तकात मागे छापायची, ही जुनी आश्रयदात्यांची यादीच तिने पुन्हा आणली. पहिल्याच वर्षी तिने मेक्सिकोचे लेखक हुआन पाब्लो विलालोबोस यांची ‘डाउन द रॅबिट होल’ ही छोटी व्यंगकादंबरी इंग्रजी अनुवादात काढली. अमली पदार्थांच्या सरदाराचा लहान मुलगा ती गोष्ट सांगतो. त्याला लायबेरियाचा बुटका पाणघोडा हवा आहे! अनोळखी लेखक, अनुवाद, त्यात काळा विनोद: दुकानदाराने हात झटकावेत असा माल. पण वर्गणीदारांच्या घरी ते पुस्तक आपोआप पोचले आणि मग बोलले गेले. त्या वर्षी ते ‘गार्डियन’च्या पहिल्या पुस्तकाच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत आले.

नॉर्विच गावातल्या ‘गॅली बेगर प्रेस’ची हकिगत याहून बोलकी आहे. या चिमुकल्या संस्थेने २०१४ साली पॉल युअन यांची ‘फ्रान्सिस प्लग’ ही कादंबरी काढली. प्लग हा दारुडा, गबाळा, होऊ घातलेला लेखक. तो बुकर पारितोषिक मिळालेल्या लेखकांच्या कार्यक्रमांना जातो आणि घोटाळे करतो. गंमत अशी, की खऱ्या लेखकांनी ‘फ्रान्सिस प्लग’ याच्या नावे सही करून दिलेली पाने त्या पुस्तकात छापली आहेत. साहित्याच्या बाजाराची खिल्ली उडवणाऱ्या पुस्तकात बाजारातल्याच मोठ्या नावांच्या सह्या! हाजी बगलोलला शोभेल असा हा मामला आहे. ही संस्थाही वार्षिक वर्गणीदारांवर चालली; त्यांना ती स्नेहाने ‘गॅली बडी’ म्हणत असे. २०१९च्या डिसेंबरात एक मोठा पुस्तकविक्रेता बुडीत निघाला आणि संस्थेचे सुमारे चाळीस हजार पौंड अडकले. संस्था बंद पडायची वेळ आली. तिने इंटरनेटवरून वाचकांना खरी परिस्थिती सांगितली, आणि अगदी थोड्या अवधीत तेवढी रक्कम उभी राहिली. हे जाहिरातीने झाले नाही. सात-आठ वर्षे पत्रे लिहून, पुस्तके पाठवून जी ओळख जमवली होती, तिने ऐन वेळी व्हीपी सोडवून घेतली.

याच वाटेवर एक खड्डाही आहे. लंडनची ‘अनबाउंड’ ही संस्था २०११ साली निघाली. वाचकांनी आधी पैसे टाकायचे, मग पुस्तक छापायचे, आणि पैसे टाकणाऱ्यांची नावे त्यात द्यायची, ही तिचीही रीत होती. विनोदी नट-लेखक टेरी जोन्स यांचे पुस्तक तिच्या सुरुवातीच्या प्रकाशनांत होते. तिने बरीच वर्षे चांगली पुस्तके काढली. पण २०२५च्या मार्चमध्ये ती दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेली. लेखकांचे मानधन थकले होते आणि पैसे दिलेल्या अनेक वाचकांची पुस्तके अडकली. आगाऊ वर्गणी ही विक्रीची रक्कम नसते. पुस्तक हातात पडेपर्यंत ती अमानत असते. अमानतीत खयानत झाली की माणूस पुस्तकावर रागावत नाही. तो वर्गणी या कल्पनेवरच रागावतो, आणि पुढचा प्रामाणिक प्रकाशक उपाशी मरतो. आपल्याकडेही वर्गणी घेऊन न निघालेली नियतकालिके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

इंटरनेटने एक गोष्ट मात्र लखनौपेक्षा अवघड केली. ‘अवध पंच’ दुसऱ्याच्या हाती गेला तरी अख्खा जात असे. चित्र, शेर, संपादकीय, कादंबरीचा हप्ता, सारे एकत्र. आज एक वाक्य कापून, त्याचे चित्र काढून क्षणात हजार गटांत फिरवता येते. ज्याने ते वाक्य वाचले त्याने त्याआधीचे पान वाचलेले नसते. लाखो लोकांपर्यंत पोचण्याचे आमिष दाखवणारी जी समाजमाध्यमे आहेत, ती मुळात अनोळखी माणसे गोळा करण्याची यंत्रे आहेत. साबण विकायला ती उत्तम. व्यंगकादंबरीसाठी ती सुरीच्या पात्यासारखी आहेत. मूठ कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे. चमकदार ओळ तोडून फलकावर लावण्यापेक्षा पूर्ण प्रकरण ओळखीच्या पत्त्यांवर पाठवणे हे संथ काम आहे, पण व्यंगाचे रक्षण तेच करते. विनोदी कादंबरीच्या प्रसाराचा खरा नियम, १८७७चा असो वा आजचा, आम्हाला असा दिसतो: आधी पात्राची ओळख, मग लेखकाची, मग पुस्तकाची, आणि किंमत सर्वात शेवटी.

आपल्याला यातून काय घेता येईल? आपल्याकडे मोठे भांडवल नाही, आणि ते नसणे हा व्यंगाच्या बाबतीत निव्वळ तोटा नाही. आपल्याकडे संमेलनांतून जमलेली माणसे आहेत. त्यांचे पत्ते आणि फोन नंबर संयोजकांच्या वह्यांत पडून आहेत. मिरज, सोलापूर, मालेगाव, चिपळूण, मुंब्रा इथले वाचक एकमेकांना ओळखत नसतील, पण या अंकाला ओळखतात. एखाद्या लेखकाने विनोदी कादंबरी लिहायला घ्यावी. दर महिन्याला एक प्रकरण, पूर्णच्या पूर्ण, या वाचकांना पाठवावे. पहिली तीन फुकट. चौथ्यापासून वर्गणी मागावी. पैसे कुणाकडे जमा होतात, छपाईला किती लागले, उरले किती, हा हिशेब दर हप्त्याच्या शेवटी उघड छापावा. वाचकाची नाराजीची पत्रेही छापावीत, कारण ज्याची तक्रार छापली जाते तो घरचा होतो. वर्षाने पुस्तक निघेल तेव्हा त्याच्या मागच्या पानावर तीनशे नावे असतील. आत शेख, पठाण, मुल्ला, तांबोळी, मोमीन असतील, आणि कुलकर्णी, कांबळे, जाधवही असतील. सज्जाद हुसैन यांच्या पानावर हिज्र आणि बर्क होते, तसे.

उद्या कुणी त्या पुस्तकातली एक ओळ तोडून चौकात आणली आणि विचारले, ‘हे असले लिहायची परवानगी यांना दिली कुणी?’ तर लेखकाने काही बोलू नये. शेवटचे पान उघडून दाखवावे. परवानगी देणाऱ्यांची नावे तिथे गावासकट छापलेली असतील.